कळंक की कांती?

एखाद्या पुतळ्याविषयी आपण बोलतो तेव्हा काय काय बोलतो, हे एकदा आठवून पाहावे. चेहरा हुबेहूब उतरला आहे की नाही, हा पहिला प्रश्न. मग घोड्याचा कोणता पाय उचललेला आहे, अंगरख्याच्या चुण्या कशा पडल्या आहेत, तलवार कोणत्या हातात आहे, यांवर वाद होतात. अनावरणाचा वृत्तान्त छापून येतो त्यात पुतळ्याची उंची असते, वजन असते, वर्गणी किती जमली तेही असते. पुतळ्याच्या रंगाविषयी मात्र त्यात एक अक्षर नसते. ब्राँझचा पुतळा म्हटला की तो काळपट असायचाच, त्यात सांगण्यासारखे काय, अशी आपली समजूत आहे. आपली कलासमीक्षाही याला फारसा अपवाद नाही. तोल, लय, घनता, अवकाश या शब्दांनी ती पाने भरते. पण ज्या पृष्ठभागावर हे सारे आपल्या डोळ्यांना भेटते त्या धातूच्या कातडीविषयी ती मुकी राहते.

माझे म्हणणे असे आहे की ब्राँझवरचा रंग हा शिल्पाच्या घडणीचाच शेवटचा हात आहे. तो चुकला तर सहा महिन्यांची मातीची मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून टीकाकाराने त्याची दखल घेतली पाहिजे आणि सामान्य रसिकानेही तो पाहायला शिकले पाहिजे.

सामान्य रसिक हे मुळी पाहतच नाही असे मात्र कोणी समजू नये. मुंबईतील काळ्या घोड्याचेच उदाहरण घ्या. इंग्लंडचा युवराज, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, त्याचा अश्वारूढ पुतळा जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराने घडवला. अल्बर्ट ससून यांनी तो मुंबईला भेट दिला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. युवराजाचे नाव, शिल्पकाराचे नाव, देणगीदाराचे नाव, सारे चौथऱ्यापाशीच राहिले. लोकांनी त्या जागेला नाव दिले ते घोड्यावरून आणि घोड्याला नाव दिले ते त्याच्या रंगावरून. १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात नेण्यात आला, तरी वस्तीचे नाव काळा घोडा ते काळा घोडाच राहिले. पुढे २०१७ मध्ये त्या भागात स्वार नसलेला नवा घोडा उभारला गेला. राजा गेला, राज्य गेले, पुतळाही गेला. उरला तो एका धातूच्या कातडीचा रंग. याहून मोठी पावती त्या रंगाला कोणी द्यायची?

आता हा रंग म्हणजे काय? पाश्चात्त्य कारागीर त्याला पॅटिना म्हणतात आणि आता आपल्याकडील शिल्पकारही तोच शब्द वापरतात. आपल्या घरगुती भाषेत त्याला जवळचा शब्द आहे कळंक. पितळेच्या पातेल्यात आमटी किंवा ताक राहिले की ते कळकते, ही गोष्ट आपल्या आजीला कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाइतकीच ठाऊक होती. आंबटाचा आणि तांब्याचा संयोग झाला की हिरवा जंगाल धरतो आणि तो पोटात जाणे बरे नाही, म्हणून तर कल्हईवाला नवसागराचा धूर काढीत दारोदार फिरत असे. दिवाळी आली की समया, निरांजने, तांब्याचे हंडे चिंचेने घासून लखलखीत करायचे, ही आपली रीत. शिवाय आपल्या भाषेत धातूवरचा डाग आणि कुळाला लागलेला डाग यांना कळंक हा एकच शब्द आहे. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला एखादा शिल्पकार मुद्दाम, पैसे खर्चून, आगीपुढे घाम गाळून धातूवर कळंक चढवतो असे सांगितले, तर तो हसेल यात नवल नाही.

पण भांड्याचा धर्म निराळा आणि शिल्पाचा निराळा. भांडे पोटासाठी असते, शिल्प डोळ्यांसाठी असते. ओतशाळेतून ब्राँझचा पुतळा बाहेर येतो आणि त्यावरचे सांधे, खिळे, ओतकामाचे फाटे कानशीने आणि छिन्नीने काढून टाकले जातात, तेव्हा तो नव्या पितळी घागरीसारखा पिवळाधमक दिसत असतो. साधारणपणे नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील अशी ही जुनी परंपरागत मिश्रधातू. ती चकाकी पाहून पुतळा देणाऱ्या मंडळींना आनंद होतो, पण शिल्पकार अस्वस्थ असतो. कारण चकाकणाऱ्या धातूवर उजेड ठरत नाही, तो घसरतो. गालाच्या उंचवट्याऐवजी खिडकीचे प्रतिबिंब दिसते. डोळ्याच्या खोबणीत सावली पडायला हवी तिथेच एखादी तिरीप चमकून उठते. मातीत असताना जो चेहरा बोलत होता तो धातूत आल्यावर नुसता झळकू लागतो.

मग रंगाचे काम सुरू होते. ते मी ओतशाळांतून अनेकदा पाहिले आहे आणि पाहताना मला दर वेळी स्वयंपाकघराचीच आठवण झाली आहे. आधी धातूवरचा तेलकटपणा पार घालवतात; बोटाचा एक ठसा राहिला तरी तो पुढे डाग होऊन उमटतो. मग ब्लोलॅम्पच्या ज्योतीने तो भाग तापवायचा. किती तापवायचा, याची परीक्षा घावन घालणाऱ्या बाईच्या परीक्षेसारखीच आहे. पाण्याचा शिंतोडा मारला की तो चर्र करून उडून गेला पाहिजे. नुसता ओला राहिला तर धातू थंड आहे आणि गोळी होऊन नाचत घरंगळला तर तो फार तापला आहे. मग ब्रशाने किंवा फवाऱ्याने पातळ द्रावण लावायचे. गंधक आणि पोटॅश एकत्र वितळवून केलेला पिंगट खडा पाण्यात विरघळवला की त्याने तपकिरीपासून काळ्यापर्यंतचे रंग येतात. सडक्या अंड्यासारखी त्याची घाण सोसावी लागते, एवढेच. फेरिक नायट्रेटने सोनेरी तपकिरी आणि तांबूस छटा येतात. कॉपर नायट्रेटने हिरवे-निळे रंग येतात. एकेक हात अगदी पातळ द्यायचा, पुन्हा ज्योत फिरवायची, उंचवट्यांवरचा थर किंचित घासून कमी करायचा, पुन्हा हात द्यायचा. शेवटी धातू कोमट असतानाच त्यावर मेण चोळायचे. मेणाने रंग खोल होतो आणि हवा-पाण्यापासून काही काळ राखला जातो.

या साऱ्यातला मर्म असा की हा रंग बाहेरून आणून बसवलेला नसतो. ऑइलपेंट हा धातूवर बसतो. पॅटिना हा धातूतूनच उगवतो. पुतळ्याच्या अंगचे तांबेच गंधकाशी, प्राणवायूशी संयोग पावून ते रूप घेते. तो थर चांगला जमला तर अर्धपारदर्शक असतो. उजेड त्यातून किंचित आत जातो, खालच्या धातूवर आपटतो आणि ऊब घेऊन परत येतो. म्हणूनच उत्तम तपकिरी ब्राँझकडे पाहताना आतून कोणीतरी दिवा धरला आहे असा भास होतो. वाईट पॅटिनाची खूणही याच कसोटीवर ओळखता येते. घाईने एकाच दाट हातात काळा केलेला पुतळा डांबर फासल्यासारखा दिसतो. त्यात उंच आणि खोल यांचा फरक बुजतो, दुरून नुसती आकृती कळते आणि जवळ गेल्यावर काहीच अधिक मिळत नाही. आपल्या चौकांतले कितीतरी पुतळे असे आहेत. त्यांचा दोष शोधताना आपण रेखाटनाला बोल लावतो. खरा दोष पुष्कळदा शेवटच्या दोन दिवसांत झालेला असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कालचा पुतळा आज शंभर वर्षांचा दिसावा अशी खटपट करणे हे ढोंग नव्हे काय? तरुणाने केसांना राख फासून वडीलकीचा आव आणावा तसे हे नाही काय?

हा प्रश्न फार जुना आहे. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने डेल्फीच्या देवस्थानावर लिहिलेल्या एका संवादात तो आला आहे. तिथे आलेला एक पाहुणा नौसेनानींच्या जुन्या पुतळ्यांपाशी थबकतो. मूर्तीची कारागिरी त्याने पुष्कळ पाहिलेली असते. त्याला भुरळ पडते ती त्यांच्या निळसर रंगाची. समुद्रावर लढलेली माणसे जणू समुद्राचाच रंग अंगावर घेऊन उभी आहेत, असे त्याला वाटते. मग मंडळींत वाद सुरू होतो: हा रंग जुन्या कारागिरांच्या काही गुप्त प्रक्रियेचा, की डेल्फीच्या हवेचा? हवेच्या बाजूने मोठी शास्त्रीय उपपत्ती मांडली जाते. आज ती आपल्याला टिकाऊ वाटणार नाही. पण सुमारे १९०० वर्षांपूर्वी सुशिक्षित माणसे एका पुतळ्यापाशी उभी राहून त्याच्या आकाराऐवजी त्याच्या कातडीवर वाद घालत होती, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आक्षेपाला माझे उत्तर असे. ब्राँझ कातडीवाचून राहूच शकत नाही. तुम्ही तिला रंग दिला नाही तर पाऊस देईल, धूर देईल, समुद्राचा वारा देईल. तेव्हा प्रश्न रंग द्यावा की न द्यावा असा नसून तो कोणी द्यावा असा आहे. शिल्पकार तो देतो तेव्हा आपल्या आकृतीला काय हवे ते पाहून देतो; पावसाला आकृती कळत नाही. नवी मूर्ती जमिनीत पुरून, तिला जंगाल चढवून प्राचीन म्हणून विकणारा व्यापारी खोटे बोलतो, कारण तो रंगाच्या आडून वयाचा दाखला देत असतो. शिल्पकार वयाविषयी काहीच म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने तो रंग म्हणजे चित्रकाराच्या शेवटच्या पुटासारखा आहे.

ओग्यूस्त रोदँ या फ्रेंच शिल्पकाराकडे पाहिले म्हणजे हे पटते. त्याच्या आकृतींवर बोटांच्या दाबांच्या खुणा तशाच ठेवलेल्या असतात. स्नायू गुळगुळीत नसतात, ते लाटांसारखे उठतात आणि फुटतात. १८७७ मध्ये त्याने ‘ब्राँझयुग’ ही मूर्ती प्रदर्शनात मांडली तेव्हा जिवंत माणसावरून साचा काढल्याचा आरोप त्याच्यावर झाला, इतके त्या त्वचेत चैतन्य होते. अशा पृष्ठभागाला उजेड तोडणारी, गडद आणि खोल कातडी हवी. ती देण्यासाठी रोदँने जाँ लिमे या कलावंताची निवड केली होती. लिमे स्वतः चित्रकार होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकाच साच्यातून निघालेल्या रोदँच्या दोन प्रतींपैकी एक तपकिरी आणि एक हिरवट असेल तर त्या दोन निराळ्या मनःस्थिती वाटतात. तपकिरी आकृती आपल्याजवळची, रक्तामांसाची भासते. हिरवी आकृती नुकतीच जमिनीतून वर आल्यासारखी दूरची भासते. आकार तोच, अर्थ मात्र सरकला.

तर मग गडद पॅटिना हाच उत्तम, असा नियम करावा काय? तसे केले तर ब्रांकुशी आपल्याला खोटे पाडील. कॉन्स्तान्तिन ब्रांकुशी हा रुमानियात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये काम केलेला शिल्पकार. १९०७ मध्ये तो थोडे दिवस रोदँच्या कामशाळेत होता आणि लवकरच तिथून निघाला. पुढे त्याने ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पमाला केली. त्यातील ब्राँझच्या प्रती त्याने काळ्याही केल्या नाहीत आणि हिरव्याही केल्या नाहीत. घासून घासून आरशासारख्या केल्या. १९२६ मध्ये त्यांपैकी एक अमेरिकेच्या बंदरात उतरली तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी तिला कलाकृती मानायचे नाकारले. स्वयंपाकघरातील भांडी आणि इस्पितळाचे सामान या सदरात घालून तिच्यावर शेकडा ४० जकात बसवली! खटला चालला आणि १९२८ मध्ये ही कलाकृतीच आहे असा निकाल लागला. त्या अधिकाऱ्यांवर सारे जग हसले. पण मला वाटते, त्यांची नजर अगदीच आंधळी नव्हती. लखलखीत पिवळा धातू पाहिला की भांडे आठवावे, ही माणसाची साधी सवय आहे.

या पक्ष्याचे आपल्याशीही एक नाते आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी याच मालेतील तीन पक्षी घेतले होते: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायची योजना होती आणि त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आलाही होता. मंदिर झाले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. मराठी घराण्याच्या एका राजाला त्या काळी एकच आकार तीन निरनिराळ्या कातड्यांत शेजारी ठेवून पाहावासा वाटला, ही गोष्ट आपल्या कलेतिहासात अधिक ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

ब्रांकुशीने पॅटिना का टाकला? त्याचा आकार इतका निवळलेला आहे की त्यावर सावली साठायला जागाच नाही. तिथे गडद रंग दिला असता तर पक्षी जड होऊन खाली बसला असता. चकाकीने धातूचे वजन हरपते आणि उड्डाण उरते. रोदँच्या आकृतीला जी चकाकी मारक ठरली असती तीच इथे तारक ठरते. तेव्हा नियम करायचाच तर एवढाच करता येईल: कातडीने आकाराची बाजू घेतली पाहिजे. काळी की पिवळी, हा त्यानंतरचा प्रश्न.

याच कसोटीवर आपल्या परंपरेकडेही पाहावे. बिदरीच्या कामात तिचे फार सुंदर प्रत्यंतर येते. ते ब्राँझ नव्हे. त्यात जस्त फार आणि तांबे थोडे असते. त्यावर चांदीची नक्षी बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागराबरोबर लावून ते पात्र काळे करतात. मौज अशी की चांदीला तो काळेपणा लागत नाही. म्हणजे कल्हईवाल्याचा जो नवसागर भांड्याचा कळंक घालवतो, तोच बिदरच्या कारागिराच्या हाती कळंकाची कांती करतो. तो काळा नसता तर चांदीची वेल दिसलीच नसती.

याउलट चोळकालीन मूर्ती पाहा. संग्रहालयात त्यांच्यावर दिसणारा हिरवा थर पुष्कळदा त्या जमिनीत पुरलेल्या राहिल्याने आलेला असतो. जी मूर्ती पूजेत राहिली तिला अभिषेक, चंदन, कापडाचा हात यांनी निराळीच कातडी दिली. नाक झिजले, बोटांच्या कडा मऊ झाल्या. आपल्या देवघरातील रांगत्या बाळकृष्णाचेही तसेच असते. ही भक्तीने दिलेली कातडी आहे आणि तिचाही मान राखला पाहिजे. म्हणून कोणी हा लेख वाचून दिवाळीत देव घासायचे थांबवू नये!

चौकातल्या पुतळ्याला मात्र आपण ना देवाचा नियम लावतो, ना कलाकृतीचा. जयंती जवळ आली की चांगल्या ब्राँझवर सोनेरी ऑइलपेंटचा हात फिरतो. वर्षानुवर्षे असे हात चढले की पापण्या बुजतात, चुण्यांच्या कडा बोथट होतात आणि रंग पोपडा धरून सुटला की त्याखाली ओल साठून धातू खाऊ लागते. एका गावी तर ॲसिडने पुतळा घासून ‘नवा’ केलेला मी पाहिला. शिल्पकाराने दिलेली कातडी सोलून निघाली होती आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यावर हिरवे ओघळ उतरले होते. हे करणाऱ्यांच्या मनात आदरच असतो, यात मला शंका नाही. पण ज्या आदराने मूळ चेहराच झाकून जातो तो आदर तपासून घ्यायला नको काय?

अमेरिकेत १९०६ मध्ये स्वातंत्र्यदेवीचा पुतळा रंगवण्याची भाषा निघाली होती. १८८६ मध्ये उभारला तेव्हा तांब्याच्या पत्र्याचा तो पुतळा तपकिरी होता; वीस वर्षांत तो हिरवा होत गेला. रंगवण्याची वार्ता पसरताच लोकांनीच विरोध केला आणि तो बेत सुटला. पुढे शताब्दीनिमित्त १९८६ पर्यंत त्याची मोठी दुरुस्ती झाली तेव्हाही तो हिरवा थर राखला गेला, कारण तोच खालच्या तांब्याचे रक्षण करीत होता.

अर्थात सगळाच हिरवा रंग हितकर नसतो. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी धरली तर तो रोग समजावा; क्षारांमुळे तो धातूला भोके पाडीत जातो आणि तिथे जाणत्याला बोलावले पाहिजे. एरवी साध्या पाण्याने धुणे, मऊ ब्रशाने पक्ष्यांची घाण काढणे आणि वर्षातून एकदा मेण चोळणे, एवढ्याने पुतळा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. रंगाच्या डब्याहून हे स्वस्तही पडते.

सुटीत मुलांना घेऊन बाहेर पडाल तेव्हा आपल्या गावच्या पुतळ्याला एक प्रदक्षिणा घाला. चेहऱ्याचे साम्य क्षणभर बाजूला ठेवा. काखेत, पदराखाली, आयाळीच्या मुळाशी रंग किती खोल आहे ते पाहा; खांदा आणि गुडघा यांवर तो कुठे उजळला आहे ते पाहा; पाऊस कोणत्या वाटेने उतरला आहे तेही पाहा. खोलगटात गडद आणि उंचवट्यावर उबदार असा तो असेल तर शेवटच्या दिवशीही कोणीतरी मन लावून काम केले होते, असे खुशाल समजा. आणि त्यावर सोनेरी डबा ओतण्याचा ठराव आपल्या गावात कधी आला, तर त्या सभेला अवश्य जा आणि विरोधात हात वर करा.